देवाच्या मनात नेमकं काय आहे? वाईट दिवसांत लोक विचारतात ते प्रश्न

मी निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक. धाराशिव जिल्ह्यात, तेरणेकाठच्या गावांत तीसेक वर्षं पोरं शिकवली आणि सप्ताहात, तेराव्याला, कधी नुसतं पारावर, जमेल तसं प्रवचन केलं. प्रवचन चालू असताना कुणी काही विचारत नाही. ते संपून चपला शोधताना माणसं हळूच जवळ येतात आणि विचारतात, तेच खरे प्रश्न. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले इथं घेतलेत. मी माळकरी आहे, त्यामुळं उत्तरं त्याच वळणाची.

गुरुजी, ‘देवाची योजना’ म्हणजे नेमकं काय?

आमच्या भागात ‘योजना’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कागदपत्रं कोणती लागतात आणि शेवटची तारीख कधी? या योजनेची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागत नाही, हीच तर अडचण आहे.

जुनी माणसं ‘देवाच्या मनात’ म्हणायची. मला तो शब्द जास्त बरा वाटतो. मनातलं बाहेरच्याला दिसत नाही, हे त्या शब्दातच कबूल केलेलं आहे. नांदेडला गुरुद्वाऱ्यातले शीख बांधव ‘भाणा मानणं’ म्हणतात, शेजारचे चाचा ‘अल्लाहची मर्जी’ म्हणतात, ख्रिस्ती मंडळी ‘देवाची योजना’ म्हणतात. मर्जी आहे हे सगळेच मानतात, आणि ती अशी का, तिथं सगळेच अडतात.

माझ्या लेखी भरवसा म्हणजे कारण कळलेलं नसताना देवाशी बोलणं चालू ठेवणं. कारण कळलं असतं तर भरवशाचं काम काय होतं? हातात पावती असलेल्याला कुणी ‘भरवसा ठेव’ म्हणत नाही.

माझ्याच वाट्याला हे का? मागच्या जन्मीचं पाप आहे का?

शास्त्रात कर्माचे तीन भाग सांगितलेत: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. आपल्याकडं पूर्वी धान्य पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या खोल खड्ड्यात, ठेवायचे. पेवात साठलेलं सगळं ते संचित. त्यातलं आज दळायला वर काढलं ते प्रारब्ध, त्याची भाकरी खावीच लागते. आणि शेतात आत्ता जे पेरताय ते क्रियमाण. पंडित हे आणखी बारीक करून सांगतील, आपल्याला एवढं पुरे.

पण हे ऐकून लोक एक भलतंच काम करतात, दुसऱ्याच्या पेवात डोकावतात. ‘तिचा नवरा गेला, काहीतरी पाप असणार.’ ‘त्यांच्या घरात अपंग पोर जन्मलं, पूर्वजांनी केलेलं फेडतायत.’ पेव उघडल्या उघडल्या आत उतरलेला माणूस गुदमरून मरतो, हे जुन्या शेतकऱ्याला ठाऊक होतं. तसंच आहे हे.

पैठणच्या एकनाथ महाराजांचं घ्या. सूर्यनारायण आणि रुक्मिणी, आई-बाप दोघंही नाथ तान्हे असतानाच गेले. आजोबा चक्रपाणींनी त्यांना वाढवलं. नाथषष्ठीला लाखो माणसं पैठणला जातात, पण ‘नाथांनी मागच्या जन्मी काहीतरी केलं असणार, म्हणून पोरके झाले’ असं म्हणणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. मग गल्लीतल्या पोरक्या लेकरालाच तो नियम का लावायचा?

कर्माचा विचार स्वतःपुरता ठेवा, तोही आज काय पेरायचं ते ठरवण्यापुरता.

किल्लारीला एका रात्रीत एवढी माणसं गेली. सगळ्यांचं प्रारब्ध एकदमच भरलं का?

हा प्रश्न मला 1993 पासून विचारला जातोय आणि पहिल्यांदा मीच तो स्वतःला विचारला होता.

29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक दमून झोपले. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं पुढं नव्या जागी वसवावी लागली. मी तेव्हा तरुण मास्तर होतो. ढिगारे उपसताना हातांना जो वास लागला तो कितीतरी दिवस जेवताना यायचा.

तेव्हाही गावोगावी कुजबुज होती, कुणाच्या तरी पापानं झालं म्हणून. मी जे पाहिलं ते सांगतो. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीनं जड झालेलं माळवद, अशी घरं होती. उन्हाळ्यात आत एकदम गार. एकेकाळी असं घर म्हणजे खातंपितं घर. ती अंगावर बसली. आणि कुडाच्या, गवताच्या हलक्या झोपडीत राहणारे बरेच वाचले. आता पापपुण्याचाच हिशोब लावायचा म्हटला तर देवानं सात-बारा बघून निवाडा केला म्हणावं लागेल. भिंती जड होत्या आणि त्यांना बांधून धरणारं काही नव्हतं. इतकंच होतं ते.

मग देव कुठं होता? काही जण म्हणतात, मदतीला धावलेल्या हातांत होता. असेल. पण ज्याच्या घरातली सहा माणसं गेली त्याला हे उत्तर पुरत नाही, आणि पुरतं असं दाखवायला मी तयार नाही. पुनर्वसनात घर मिळालेले एक आजोबा पुढं कित्येक वर्षं अंगणातच झोपायचे. हरिपाठ रोज म्हणायचे, झोपायचे मात्र अंगणात. त्यांचा देवावर भरवसा नव्हता असं म्हणायची माझी हिंमत नाही.

आम्ही कोयत्यावर जातो. आमची ही गरिबी देवानंच लिहिली आहे का?

हे मला बीडकडच्या एका ऊसतोड जोडप्यानं विचारलं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे कागदावर दोन जिवांचं एकच नाव. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवायचं, लेकरांची शाळा अर्ध्यात सोडायची आणि कारखान्याच्या फडावर जायचं.

नाही. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मुकादमानं दिली. ती फिटत का नाही, ते त्याच्या वहीत आहे. विम्याचा पैसा कुठंतरी अडतो, तो माणसांच्या टेबलावर अडतो. या सगळ्यावर ‘देवाची मर्जी’ म्हणून सही करू नका. ज्याची त्याची चूक ज्याच्या त्याच्या नावावर राहू द्या. हिशोब मागा, पोराला हंगामी वसतिगृहात ठेवता येतं का ते शाळेत विचारा. 1972 च्या दुष्काळात आमच्या आईनं खडी फोडली आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. तेव्हा लोक नुसते देवळात बसले असते तर रोजगार हमी आली नसती. काम मागितलं, मोर्चे निघाले, 1977 ला कायदा झाला.

दुष्काळाचंही तसंच. मराठवाडा पर्जन्यछायेत आहे, हे निसर्गाचं. पण कमी पावसाच्या मुलखात कोणतं पीक किती घ्यायचं, धरणातलं पाणी आधी कुणाला, हे माणसानं ठरवलेलं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आणि 2025 च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात पावसानं पिकाखालची मातीही खरवडून नेली. या दोन्हींमध्ये देवाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. ओढ्यात घरं कुणी बांधली ते मात्र गावात प्रत्येकाला माहीत असतं.

सटवीनं कपाळी लिहिलेलं बदलतं का?

पाचवीच्या पूजेत आपण कोरा कागद आणि पेन ठेवतो. सटवाई रात्री येऊन लेकराचं नशीब लिहिते म्हणून. माझ्या दोन्ही लेकींच्या वेळी मी सकाळी उठून कागद पाहिला. कोराच होता.

गोरोबाकाकांच्या पायाखाली त्यांचंच लेकरू गेलं. अशा गोष्टीवरून काय शिकायचं?

गोरोबाकाका म्हणजे संत गोरा कुंभार. त्यांचं तेर आमच्या जवळच, त्यामुळं ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे. पुष्कळ वर्षं ती चुकीची सांगितली.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बायको, संती, पाण्याला गेली. लेकराकडं बघा, म्हणून सांगून गेली. काका चिखल तुडवत होते, नामात रंगले होते, लेकरू रांगत आलं आणि चिखलात तुडवलं गेलं. पुढं ‘मला हात लावू नका’ ही संतीची शपथ, ती मोडली म्हणून काकांचं हात तोडून घेणं, आणि शेवटी पंढरपूरला नामदेवांच्या कीर्तनात हात पुन्हा फुटले, लेकरूही परत आलं. कीर्तनकार मधला भाग झपाट्यानं उरकतात आणि चमत्काराशी येऊन थांबतात. टाळ वाजतात, लोक डोळे पुसतात. मीही तसंच करायचो.

एकदा एका गावात सप्ताहात मी ही गोष्ट रंगवून सांगत होतो. ‘भक्ताच्या जीवनात जे घडतं ते भल्यासाठीच घडतं,’ असं काहीसं म्हणालो. बायकांच्या बाजूनं एक बाई उठली, पदर सावरला आणि माझ्याकडं न बघता मंडपाबाहेर गेली. नंतर कळलं, चार महिन्यांपूर्वी तिचा सात वर्षांचा मुलगा शेततळ्यात बुडून गेला होता. तळ्यात अंथरलेल्या त्या प्लास्टिकच्या कापडाच्या उतारावर पाय ठरत नाही.

रात्री झोप आली नाही. तिच्या घरी जाऊन काय बोलावं सुचेना, म्हणून गेलोही नाही. ते अजून मनात आहे.

तेव्हापासून मी गोष्ट संतीच्या बाजूनं सांगतो. ती घागर घेऊन परत आली तेव्हा तिथं पांडुरंग नव्हता, चिखल होता. ती ओरडली. नवऱ्याला बोलली, नवऱ्याच्या देवालाही बोलली. परंपरेनं तिचा तो आक्रोश गोष्टीतून काढून टाकला नाही, हे मला फार मोठं वाटतं. काढता आला असता. ‘माउली शांत राहिली’ असं सहज लिहिता आलं असतं. आणि लेकरू परत आलं ते गोष्टीत. ज्यांच्या घरी ते परत येत नाही, त्यांना गोष्टीचा शेवट ऐकवून गप्प करू नये. त्यांची गोष्ट अजून चिखलापाशीच आहे.

देवावर राग आला, शिव्या दिल्या, तर पाप लागतं का?

गंगाखेडच्या जनाबाई विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हणाल्या, त्याच्यावर आगपाखड केली, आणि सातशे वर्षं आपण ते भजनात म्हणतोय. हिंगोलीजवळच्या नरसीशी नातं सांगणारे नामदेव तर देवाशी जन्मभर भांडले. ज्याच्याशी नातं तुटलं त्याच्याशी कुणी भांडत नाही, त्याच्या दारावरून नुसतं मान खाली घालून जातात. तेव्हा भांडा. चांगलं मोठ्यानं भांडा. शेजारी काय म्हणतील याची काळजी असेल तर शेतात जाऊन.

तुळजाभवानीला नवस बोललो होतो. काम झालं नाही. आता काय?

नवस फेडायची गरज नाही, कारण तो फळलाच नाही. दर्शनाला मात्र जावंसं वाटलं तर जा. मोकळ्या हातानं गेलेलं लेकरू आई परत पाठवत नाही.

एक सावधगिरी. अशा वेळी ‘तुमचा नवस चुकला, अमुक विधी राहिला’ असं सांगणारे लोक भेटतात. त्यांचा आकडा पाचशेपासून सुरू होतो आणि एकराशी येऊन थांबतो. करणी, भानामतीचं नाव काढलं की तिथून सरळ उठा. महाराष्ट्रात 2013 पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

आजारपणात औषध घ्यावं की देवावर सोडावं?

परळीच्या महादेवाचं नाव वैद्यनाथ आहे. तो काही उगीच वैद्य म्हणवून घेत नाही. गोळ्या वेळेवर घ्या आणि मग काय सोडायचं ते त्याच्यावर सोडा.

‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणजे हातावर हात धरून बसायचं का?

हे तुकोबांचं वचन कानावर फेकणारा माणूस बहुधा स्वतः बऱ्यापैकी ठेवलेला असतो, हे माझं निरीक्षण. बोलणारे तुकोबा कसे ठेवलेले होते ते बघा. 1630 च्या दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. मग ते हात धरून बसले का? वाडवडिलांपासून सावकारीची खतं घरात होती. त्यातली आपल्या वाटणीची त्यांनी इंद्रायणीत बुडवली. म्हणजे ज्यांच्याकडून येणं होतं त्यांना मोकळं केलं. देऊळ मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त केलं. समाधान चित्तात ठेवायला सांगितलंय, हातापायांना कुठंही सुट्टी सांगितलेली नाही.

पोरगा लातूरला दोन वर्षं शिकला, नीटला नंबर लागला नाही. देवाच्या मनात नव्हतं म्हणून सोडून द्यावं?

लाखो पोरं बसतात, जागा थोड्या. हे गणित आहे, देवाला मध्ये घेऊ नका. पोराला एक महिना काहीही विचारू नका, ‘पुढं काय’ हेही नाही. आणि खर्च किती झाला ते जेवताना काढू नका.

मरणाच्या घरी गेल्यावर काय बोलावं?

कमी. ‘देवाला जे आवडतात त्यांना तो लवकर नेतो’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय, आणि ऐकणाऱ्या आईचा चेहराही पाहिलाय. ‘देवाची हीच इच्छा होती’ हे ज्याचं दुःख आहे त्यानं म्हटलं तर ती भक्ती. शेजाऱ्यानं म्हटलं तर दुसऱ्याच्या जखमेवर आपला हात पुसणं.

ख्रिस्ती लोकांच्या शास्त्रात ईयोब नावाच्या भल्या माणसाची कथा आहे. लेकरं, जनावरं, आरोग्य सगळं जातं. तीन मित्र भेटायला येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथपर्यंत सगळं ठीक. आठव्या दिवसापासून ते त्याला कारणं समजावू लागतात: तू पाप केलं असशील, देव उगीच शिक्षा देत नाही. शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो तो या मित्रांवर. ईयोबानं एवढी तक्रार केली, तरी खरं तोच बोलला, असं म्हणतो. ही कथा मी तेराव्याच्या प्रवचनात सांगायला लागलो तेव्हा एक-दोघा बुवांनी नाकं मुरडली. मुरडू देत.

जाताना दूध न्या, भाकरी बांधून न्या. जनावरांना वैरण घाला. पंचनाम्याच्या, वारस नोंदीच्या कागदांना तलाठ्याकडं सोबत जा. तेराव्यानंतर गर्दी ओसरते, खरं जायचं तेव्हा.

जीव नकोसा झालाय. देवाच्या मनात हेच असेल का?

नाही. यात मी कुठलीही दुसरी बाजू मांडणार नाही. कर्जाचा नोटिशीचा कागद, उभ्या पिकाची नासाडी, लेकीचं लग्न, यातलं काहीही देवाचा निरोप नाही.

आज रात्री एकटे राहू नका. एका माणसाला सांगा, बायकोला, भावाला, मास्तराला. 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. घरातली फवारणीची औषधं दुसऱ्याच्या ताब्यात द्या. आणि घरच्यांनो, माणूस अचानक गप्प झाला, जेवण टाकलं, उधारी मिटवायला लागला, तर जीव द्यायचं मनात येतंय का, असं त्याला सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात तसं भरत नाही. जिल्हा रुग्णालयात यासाठी डॉक्टर असतात, आणि हा मनाचा आजार शुगर-बीपीसारखाच औषधानं सुधारतो. माळकऱ्यालाही होतो.

गुरुजी, तुमचा स्वतःचा भरवसा कधी उडाला होता का?

हो. बायकोच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्याला दोनदा डायलिसिससाठी लातूर, दीड वर्ष. एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसायची आणि मी पुढच्या सीटवरची अक्षरं पुन्हा पुन्हा वाचायचो. ती गेली त्या वर्षी मी वारीला गेलो नाही. गळ्यातली माळ काढली नाही, कारण काढायलाही काहीतरी वाटावं लागतं. हरिपाठ मात्र थांबला. लोक यायचे, मी इतकी वर्षं लोकांना जे सांगितलं तेच मला सांगायचे. फार कडू लागायचं.

आमच्या गल्लीत एक म्हातारा माळकरी होता, फारसा शिकलेला नाही. तो रोज दिवेलागणीला यायचा, ओसरीवर बसायचा, एकटाच हरिपाठ म्हणायचा आणि उठून जायचा. ‘या, तुम्हीही म्हणा’ असं एकदाही म्हणाला नाही. मी आत अंधारात पडून असायचो. असे चार-पाच महिने गेले असतील.

एका संध्याकाळी म्हणता म्हणता तो अडकला. वय झालं होतं, चरण आठवेना. दोनदा मागून धरलं, तरी तिथंच थांबला. मी आतूनच पुढचा शब्द सांगितला.

‘हां,’ म्हणाला, आणि पुढं म्हणू लागला.